मँचेस्टरच्या क्लबाचा परळमधला एक मालक

एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबाचं सभासदत्व घेतलं म्हटल्यावर ऑफिसातल्या पोरांना वाटलं, मी मँचेस्टर युनायटेडचे शेअर घेतले. नाही बाबांनो. त्या क्लबावर चिडून बाहेर पडलेल्यांचा हा क्लब. 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड घेतला, बराचसा कर्ज काढून, आणि कर्जाचा बोजा क्लबाच्याच डोक्यावर टाकला. त्याच उन्हाळ्यात या चाहत्यांनी स्वतःची टीम काढली आणि इंग्लिश फुटबॉलच्या लीगच्या उतरंडीत थेट दहाव्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली.

पैसे भरून मिळतं काय? एक मत. कुणी कितीही रक्कम घातली तरी मत एकच. बोर्ड त्यावरच निवडलं जातं, क्लबाचं नावसुद्धा मतदानानंच ठरलं. नफा कुणाच्या खिशात जात नाही. जर्सीच्या छातीवर जाहिरात नाही, नुसता लाल रंग. झकास दिसते!

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल मॅचेस शाहू स्टेडियमवर बघत वाढलोय, त्यामुळे टीम पेठेची असते हे मला नवीन नाही. पण तिथं राग काढायचा तो कट्ट्यावर. इथं वार्षिक सभेत ठराव मांडता येतो, हिशोब मागता येतो. आपल्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाचा 65 टक्के हिस्सा 2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेला, ते आम्ही प्रेक्षकांनी पेपरात वाचलं. मालकी खासगी, मग विचारणार कोण!

ब्रॉडहर्स्ट पार्क हे एफसी युनायटेडचं मैदान 2015 मध्ये उघडलं. त्यासाठी लोकांनी कम्युनिटी शेअर्समधून, म्हणजे क्लबानं सामान्य लोकांनाच विकलेल्या शेअर्समधून, सुमारे वीस लाख पौंड उभे केले. पुढच्याच वर्षी कारभारावरून एवढी भांडणं झाली की बोर्डातले बरेच जण पायउतार झाले. मला तर हे वाचूनच भरवसा वाटला. मालक जागे आहेत म्हणायचे.

खेळाचं मात्र विचारू नका. 2019 मध्ये खाली घसरून टीम सातव्या पायरीवर आली. शनिवारी तिथले दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ, जेवणाची वेळ; आणि परळात बसून स्टँडमधली गाणी अंगावर येत नाहीत ती नाहीतच.

पाचपैकी साडेतीन तारे. सभेचे इंग्रजी कागद वाचायचा कंटाळा असेल तर सभासद होऊ नका, नुसता स्कार्फ मागवा.