डायनासोर कोणी संपवले? मेक्सिकोचा लघुग्रह की आपला दख्खनचा लाव्हा

6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोरसकट जवळपास 75 टक्के प्रजाती गेल्या, आणि संशयित दोनच.

पहिला लघुग्रह. साधारण 10 किमीचा दगड मेक्सिकोच्या युकातानला आदळला, त्याने पडलेला चिक्शुलुबचा खड्डा जवळपास 180 किमी रुंद आहे. पुरावा तगडा, कारण इरिडियम हा धातू जमिनीत फारच कमी सापडतो, लघुग्रहांत मात्र बराच असतो, आणि नेमक्या त्याच काळातल्या मातीच्या थरात तो जगभर जास्त मिळतो, 1980 मध्ये अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांच्या टीमने हेच मांडलं होतं. शिवाय तिथल्या खडकात गंधक भरपूर, ते वर उडालं, ऊन अडलं, झाडं गेली की खाणारे पण गेले.

दुसरा आपल्या घरचा. दख्खनचे ज्वालामुखी लाखो वर्षं थांबून थांबून ओकत होते, आजही सुमारे 5 लाख चौ.किमी. वर त्या लाव्ह्याचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, पसरलाय, सह्याद्री म्हणजे तोच की! घाटात रस्त्याच्या कटिंगला बघा, काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्याची वरची बाजू झिजून माती झाली आणि मग पुढचा आला.

आता मला तिथेच ही केस ढिली वाटते, कारण मधे एवढी उसंत असेल तर जीवसृष्टी सावरू शकते ना, लघुग्रहाने ती उसंतच दिली नाही. पण दख्खनला क्लीन चिट नाही हं, कार्बन डायऑक्साइड सोडून हवामान आधीच बिघडवलं असणार. माझं मत विचाराल तर मुख्य आरोपी लघुग्रहच.