शिकवणी लावायची आहे: एकट्याची, ऑनलाइन की चार मुलांत?

शिक्षक शोधायला निघण्याआधी मुलाच्या मागच्या दोन-तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका पसरून बसा. बीजगणितात गुण जातायत म्हणून आपण धावपळ करतो आणि पेपरात दिसतं की १/२ + १/३ याचं उत्तर २/५ लिहिलंय. बीजगणित बिचारं उगाच बदनाम. तीन-चार वर्षांपूर्वीचे अपूर्णांकच कच्चे राहिलेत. दुसऱ्या मुलाची रीत सगळी बरोबर, पण शेवटचे दोन प्रश्न कोरे, म्हणजे त्याला सराव हवाय. तिसऱ्याला येतं सगळं, फक्त अभ्यासाला बसवत नाही. या तिघांना एकच शिकवणी लावली तर दोघांचे पैसे पाण्यात जातात.

पाया कच्चा असलेल्या मुलाला एकट्याची शिकवणीच लावावी, असं माझं मत. मागच्या इयत्तांपर्यंत उतरून नेमकी कच्ची वीट शोधायची सवड बॅचमध्ये कुणाला नसते. एकास एक शिकवण्याचं कौतुक करताना अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखाचा दाखला हमखास दिला जातो: अशी शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं. नंतरच्या अभ्यासांत फरक दिसला, पण एवढा मोठा दिसला नाही. शिवाय त्याच लेखातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. शिकवणीतल्या मुलांना प्रत्येक घटकानंतर चाचणी होती, चुका दुरुस्त करून घेतल्या जात आणि मगच पुढचा घटक. हीच पद्धत साध्या वर्गात वापरली तेव्हा तिथलं सरासरी मूलही सुमारे ८४ टक्के मुलांच्या पुढे गेलं. म्हणून शिक्षकांना पहिला प्रश्न हा विचारा: घटक झाल्यावर चाचणी घेता का, आणि चुकलं तर काय करता?

एकट्याच्या शिकवणीचा मोठा धोका म्हणजे आयतं मिळणं. शिक्षक शेजारी बसून प्रत्येक पायरी सुचवतात, वही भरते, आई-बाबा खूश, आणि परीक्षेत मूल पहिल्याच पायरीला अडतं. शिकण्याच्या प्रक्रियेवर संशोधन करणाऱ्या मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी २००१ मधल्या एका प्रयोगात शिकवणाऱ्यांना मुद्दाम समजावून सांगायला मनाई केली, फक्त प्रश्न विचारून मुलांना बोलतं करायला सांगितलं. मुलं तरीही तितकंच शिकली.

ऑनलाइनमध्ये शिक्षकांची निवड खूप मोठी होते आणि येण्या-जाण्याचा वेळ वाचतो. पण तिथे चेहरा दिसतो, वही दिसत नाही. कॅमेरा वहीवर ठेवता येतो का, किंवा मुलाला स्वतः लिहिता येईल असा फळा आहे का, हे आधी बघा. नसेल तर गणितासाठी ऑनलाइन नकोच. बोलण्याच्या सरावासाठी, भाषेसाठी मात्र ते छान चालतं. अगदी लहान मुलांसाठी मी ते सुचवणार नाही. पडद्यासमोरून दहा मिनिटांत उठलेल्या मुलाला परत आणायला शेवटी घरातलंच कुणीतरी लागतं.

तीन-चार मुलांची बॅच सरावासाठी आणि बैठक मोडलेल्या मुलांसाठी चांगली. ठरलेली वेळ, सोबत, थोडी चुरस, आणि दुसऱ्याची चूक ऐकून आपली कळणं. खर्चही वाटून जातो. फक्त ‘बॅचमध्ये किती मुलं’ एवढंच विचारून थांबू नका. वेगवेगळ्या इयत्तांची चार मुलं एकाच टेबलाशी असतील तर ते नुसतं गृहपाठ उरकण्याचं ठिकाण होतं.

आता शिकवणार कोण? वाचन-लेखन शिकणाऱ्या लहान मुलासाठी प्रशिक्षित शिक्षकच शोधावा. २०२० च्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यातही स्वयंसेवक आणि पालकांपेक्षा शिक्षकांच्या शिकवणीचा परिणाम जास्त दिसला. वरच्या वर्गातल्या मुलाला कॉलेजचा विद्यार्थी चालतो, कधी जास्त मानवतोही. फक्त त्याच्या परीक्षा तुमच्या मुलाच्या परीक्षांच्याच सुमारास येत नाहीत ना, ते विचारा. आणि शाळेत मुलाच्या वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांकडेच खासगी शिकवणी लावणं टाळा. अनेक ठिकाणी नियमानेच मनाई आहे; नसली तरी गुण देणारा आणि फी घेणारा एकच असणं बरं नव्हे.

पूर्ण वर्षाचे पैसे भरण्याआधी शिकवणी आजमावून बघायला दोन-तीन तास ठरवा. शिकवणी बाहेरच्या खोलीत किंवा दार उघडं ठेवून होऊ द्या, म्हणजे मूल सुरक्षित आणि तुमच्याही कानावर पडतं. बोलणं जास्त कोणाचं आणि पेन कोणाच्या हातात, एवढ्यावर लक्ष ठेवा. नंतर मुलाला ‘समजलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘आज काय चुकलं?’ विचारा. आठवडाभर ‘काहीच नाही’ असंच ऐकू आलं, तर शिक्षकांशी बोलायला हवं.