बेटब्लॉकर अ‍ॅप दादाच्या फोनवर टाकलं, द्राक्षाचा सीझन आणि आयपीएल एकत्र असताना कसं चाललं

बेटब्लॉकर फुकट आहे, जाहिराती नाहीत, नाव-ईमेल काही मागत नाही, हे आधीच सांगून टाकतो कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच येतो. ब्रिटनमधली एक धर्मादाय संस्था चालवते. काम एकच, तुम्ही जेवढा वेळ ठरवाल तेवढा वेळ फोनवर जुगाराच्या साईट आणि अ‍ॅप उघडू द्यायचे नाहीत, कमीत कमी 24 तास आणि जास्तीत जास्त 5 वर्षं.

टाकलं माझ्या मामेभावाच्या फोनवर, त्यानंच सांगितलं म्हणून. दादा निफाडकडचा, बाग आहे द्राक्षाची. आता नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको, फेब्रुवारी ते एप्रिल माल निघतो, व्यापाऱ्याचे पैसे पडायला लागतात आणि बरोब्बर तेव्हाच मार्चअखेरीला आयपीएल. खात्यात रक्कम, संध्याकाळी काम उरकलेलं, साडेसातला मॅच आणि व्हॉट्सअपवर गावातलाच कोणतरी, "दादा, आयडी देऊ का?" (आयडी म्हणजे सट्ट्याच्या साईटवरचं खातं.) दादाचं म्हणणं साधं होतं, मला मॅच बघू दे, पैसे लावायचं मनात आलं तरी लावता येऊ नये असं काहीतरी कर.

कोणी म्हणेल बंदी आली ना मग कशाला हे. बंदी आलीच, ऑगस्ट 2025 चा केंद्राचा कायदा, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन गेम त्यात, रमी असो का फँटसी टीम, कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत जेल आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. (त्याच्या महिनाभर आधी आपल्या सिन्नरच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा, माणिकराव कोकाटेंचा, सभागृहातला मोबाईल रमीचा व्हिडिओ गाजला होता, ते म्हणाले मी फक्त आलेली जाहिरात बंद करत होतो, कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं आणि मग मीमवाल्यांची दिवाळी.) मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशाचे गेम बंद केले पण परदेशातून चालणाऱ्या साईट आणि त्यांचे आयडीवाले कुठे गेले, ते आहेतच की, उलट आता "जीएसटी नाही टीडीएस नाही" हीच त्यांची जाहिरात.

जुन्या रमी अ‍ॅपमध्येसुद्धा लिमिटची सोय असायची हे खरंय. दिवसाला एवढेच भरायचे, महिन्याला एवढेच, काही दिवस स्वतःलाच बाहेर ठेवायचं वगैरे. नाव घेत नाही पण एका अ‍ॅपमध्ये ते सेटिंग मेन्यूच्या पार तळाला, आणि बोनसचा बॅनर उघडल्या उघडल्या तोंडावर. शिवाय हिशोब कोण करत होतं? ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, म्हणजे 100 रुपये टाकले की जवळपास 22 टॅक्सचे, वरून टेबलची फी, आणि जिंकलात तर निव्वळ जिंकलेल्यावर 30 टक्के टीडीएस. एवढं सगळं कापून जाऊन वर राहणारा माणूस किती असेल ते तुम्हीच बघा. ज्या दुकानाचं पोट तुमच्या हरण्यावर भरतं त्यानेच तुम्हाला "थांबा आता" म्हणावं ही अपेक्षाच मला पटत नाही. म्हणून कुलूप तिसऱ्याचं असलेलं बरं.

आणि या अ‍ॅपचं मला सगळ्यात आवडलं ते हेच, एकदा लावलं की मुदत संपेपर्यंत निघत नाही. रात्री एक वाजता वाटलं म्हणून काढू असं चालत नाही. लोक याला कटकट म्हणतील, पण रात्री एकला काढता येत असेल तर त्याला लिमिट तरी कशाला म्हणायचं.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. सगळाच वेळ बंद नको असेल तर ठरावीक वार, ठरावीक तास बंद ठेवता येतात. सातपूर-अंबडला कंपनीत असाल तर पगाराचा आठवडा, बागायतदार असाल तर मॅचच्या संध्याकाळी, ज्याची त्याला वेळ माहिती असते. दादाला मी म्हणलं मॅचच्या वेळा टाकू, तर तो म्हणाला नको, मॅच संपल्यावरच जास्त हात शिवशिवतो, गेलेले काढायचे म्हणून. म्हणून मग कॅलेंडर सोडून सरळ पूर्ण सीझनच बंद केला. स्वतःची वेळ नीट ओळखणाऱ्याला कॅलेंडर, बाकीच्यांना सलग बंद, असं माझं मत झालंय.

आता जे होत नाही ते पण सांगतो. अँड्रॉइडवर व्हीपीएनची (फोनचं सगळं इंटरनेट स्वतःमधून नेणारी सोय) परवानगी द्यावी लागते, फोनमध्ये एकावेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ऑफिसचा व्हीपीएन त्याच फोनवर असेल तर पंचाईत. अशा कुठल्याही ब्लॉकरची लिस्ट थोडी मागे राहणारच कारण साईटवाले पत्ते बदलत राहतात. आणि व्हॉट्सअपवर मेसेज करून यूपीआयने पैसे पाठवले तर कुठलाच ब्लॉकर काय करणार? तो आयडीवाला नंबर दादानेच ब्लॉक केला, ते काम अ‍ॅपचं नाही.

पैशाची बाजू म्हणून वेगळी बघावी लागते. आम्ही द्राक्षाचं खातं यूपीआयमधून काढूनच टाकलं, किराणा-पेट्रोलसाठी छोटं खातं ठेवलं, त्यात वहिनी टाकेल तेवढेच. कार्डाचे ऑनलाईन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात, ते केलं. दादा दोन दिवस कुरकुरला, डिझेल टाकायला सुद्धा विचारायला लागतं म्हणे, मग सवय झाली. सीझनभर दादाने मॅच बघितल्या, शिव्या फक्त अंपायरला दिल्या.

दिवाळीत गावी तीन पत्ती बसते, तिथे चिल्लरवर खेळतो तो अजून, त्यावर कोणी काही म्हणत नाही. गोव्याला कॅसिनोत जाणारे पण आपल्यात आहेत, त्यांनी आत जाण्याआधी कार्ड मित्राकडे देऊन रोख तेवढीच न्यायची, एवढं तरी पाळावं.

ज्याचं प्रकरण कर्जापर्यंत गेलंय त्याला नुसतं अ‍ॅप पुरणार नाही, सरकारचा टेलिमानस नंबर आहे 14416, फुकट, चोवीस तास. आयडीवाल्याने पैसे बुडवले असतील तर सायबरचा 1930, लगेच लावा, दोन दिवसांनी नाही.

रेटिंग पाचापैकी साडेचार, अर्धा त्या व्हीपीएनच्या भानगडीपायी. टाकणार असाल तर पहिल्यांदा 24 तासांचंच लावा, बँकेचं अ‍ॅप, गाण्याचं अ‍ॅप, सगळं नीट चालतंय का बघा, मग लांबची मुदत. घरात दुसरा फोन, लॅपटॉप असेल तर त्यावर वेगळं टाकायचं, नाहीतर पोराच्या टॅबवरून उघडतात लोक. ऑक्टोबर छाटणी झाली की दादा परत लावणार आहे, तो म्हणतोय वर्षाचं लावू, वहिनी म्हणतेय पाचाचं बटन आहे ना त्यात, मग ते कशासाठी दिलंय.