कासारवडवली ते ठाणे स्टेशन: अठरा महिन्यांच्या रोजच्या प्रवासानंतर

जून २०२४ मध्ये आम्ही परळच्या दोन खोल्या सोडून ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला राहायला आलो. घरात मी, माझे पती, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे आणि पतींचे काशीमिऱ्याच्या बाजूला, त्यामुळे मी रोज या रस्त्याने ठाण्याकडे जाते आणि ते उलट दिशेने गायमुखचा घाट ओलांडतात. मागच्या आठवड्यात इथे घर पाहणाऱ्या एका मैत्रिणीने मला विचारले, "रस्ता कसा आहे गं?" मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घर पाहायला आम्ही दोन वेळा आलो होतो आणि दोन्ही वेळा रविवारची सकाळ होती. स्टेशनपासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचलो आणि तोच प्रवासाचा वेळ मानून आम्ही पुढची सगळी गणिते मांडली. पहिल्या पावसाळ्यात ती कोलमडली, तेव्हापासून मी एका वहीत दारापासून ठाणे स्टेशनपर्यंत लागलेला वेळ लिहू लागले. अंतर साधारण दहा किलोमीटरचे आहे. आतापर्यंतचा सर्वांत कमी वेळ २६ मिनिटे, तोही दिवाळीच्या सुट्टीतल्या एका सकाळचा. सर्वांत जास्त वेळ २ तास १० मिनिटे. बहुतेक दिवस ५० ते ७० मिनिटांत बसतात.

केवळ ५० किंवा ७० मिनिटे लागत असती तर माझी फारशी तक्रार नव्हती. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला तासाभराचा प्रवास नवा नाही, आणि ठाण्याहून जलद लोकल मिळाली की पुढचा वेळ बऱ्यापैकी ठरलेला असतो. खरा त्रास असा की आजचा दिवस २६ मिनिटांचा, ७० मिनिटांचा की दोन तासांचा, हे घरातून निघताना कळत नाही. त्यामुळे रोजच वाईटात वाईट दिवस गृहीत धरून निघावे लागते. रस्ता मोकळा मिळाला तरी वाचलेली चाळीस मिनिटे घरच्यांना मिळत नाहीत. ती कार्यालयाच्या खाली, दरवाजा उघडण्याची वाट पाहत जातात.

हा रस्ता असा का वागतो, हे समजायला मला बरेच महिने लागले. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून तो जातो. त्यामुळे तो अडला तर वळून जायला धड समांतर रस्ता नाही. उरणच्या बंदरातून आणि भिवंडीच्या गोदामांतून गुजरातकडे निघालेला माल याच रस्त्याने वरसावेला जाऊन मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतो. कापूरबावडी-माजिवड्याला नाशिककडचा, भिवंडीकडचा आणि घोडबंदरचा असे तिन्ही प्रवाह एकमेकांत येतात. म्हणजे माझी टीएमटीची (ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेची) बस, शाळेच्या गाड्या, दुचाक्या आणि चाळीस फुटी कंटेनर हे सगळे एकाच डांबरावर आहेत. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, परंतु त्या वेळा अधूनमधून बदलतात, आणि बंदी उठली की थांबवून ठेवलेले ट्रेलर एकदमच आत येतात. त्यातला एखादा चढावर बंद पडला की मागे काही किलोमीटरची रांग लागते.

मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळला उड्डाणपूल आहेत. त्यांचा उपयोग स्वतःच्या गाडीने थेट जाणाऱ्यांना होतो, हे मान्य करायला हवे. बसला मात्र थांबे घेण्यासाठी पुलाखालून जावे लागते आणि दर पुलाच्या टोकाला वरून उतरणाऱ्या गाड्यांमध्ये पुन्हा शिरावे लागते. पन्नास माणसे घेऊन चाललेले वाहन एकेक माणूस घेऊन चाललेल्या गाड्यांकडे वाट मागत उभे असते, हे दृश्य मी रोज पाहते आणि अजूनही मला ते पटत नाही. त्यातच मेट्रोच्या खांबांनी मधली जागा घेतली, आणि २०२५ मध्ये सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम सुरू झाल्यावर सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत खोदकाम आले.

या सगळ्याची किंमत सर्वांत आधी मुलीने मोजली. तिचे पाळणाघर साडेसातला बंद होते. पहिल्या वर्षी मी महिन्यातून पाच-सहा वेळा तरी उशिरा पोहोचत असे. मी माजिवड्याला उभ्या बसमधून फोन करायचे आणि पाळणाघराच्या मावशी प्रत्येक वेळी म्हणायच्या, "या सावकाश, मी आहे." त्यांना स्वतःच्या घरी पोहोचायला किती वाजत असतील, हे मी फार उशिरा विचारले. त्या ओवळ्याला राहतात आणि त्यांनाही हाच रस्ता आहे. आता माझ्या वरिष्ठांच्या परवानगीने मी साडेआठऐवजी साडेसातला कामाला लागते आणि साडेचारला निघते. त्यासाठी पहाटे साडेचारला उठते. मुलगी झोपेत असताना मी घर सोडते, तिची वेणी सासूबाई घालतात आणि शाळेच्या बसपर्यंत पतीच तिला सोडतात. जागी असलेली मुलगी मला आठवड्यातून पाच दिवस फक्त संध्याकाळी भेटते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचे नुकसान याहून मोठे आहे आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. त्या सकाळी आमच्या सोसायटीत दोन घरे आणि नंतर मानपाड्याला दोन घरे करत असत. मधल्या प्रवासाचा भरवसा राहिला नाही, उशीर होऊ लागला आणि मानपाड्याची दोन्ही कामे सुटली. आमच्यासारख्यांचा वेळ जातो, त्यांचे निम्मे उत्पन्न गेले.

ऑगस्ट २०२५ मधली एक रात्र मी विसरू शकत नाही. रात्री आठच्या सुमारास सासूबाईंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आमच्यापर्यंत यायला वेळ लागला नाही, पण रुग्णालयापर्यंतचे सहा किलोमीटर अंतर पार करायला ४५ मिनिटे लागली. लोक वाट देत नव्हते असे मुळीच नाही. दुचाकीवरची दोन मुले पुढे जाऊन गाड्या बाजूला घेण्यासाठी ओरडत होती, एक वॉर्डन पावसात धावत होता. पण बाजूला सरकायला बाजूच शिल्लक नव्हती. सासूबाई आता बऱ्या आहेत. त्या रात्रीनंतर मात्र रस्त्याच्या कोंडीला "गैरसोय" हा शब्द मी वापरत नाही.

पतींचा अनुभव थोडक्यात सांगते. गायमुखचा घाट अरुंद आहे, पावसाळ्यात तिथे खड्डे पडतात आणि दुरुस्तीसाठी वाहतूक वळवली की ते सरळ रजा टाकतात. दुचाकीवर असल्यामुळे ते इतरांपेक्षा लवकर पोहोचतात, परंतु ट्रेलरच्या चाकांशेजारून त्यांना जावे लागते. ते "पोहोचलो" असा संदेश पाठवेपर्यंत माझे लक्ष कामात नसते.

चांगलेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, पावसाळ्यात त्यांवर ढग उतरतात, आणि परळमध्ये भिंतीला पाठ लावून झोपणाऱ्या सासूबाईंना इथे स्वतःची खोली मिळाली. शेजार उत्तम आहे. उशीर झालेल्या आईच्या मुलाला जेवू घालणारी चार तरी घरे आमच्या मजल्यावर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मेट्रो ४ आणि तिच्या ४अ या विस्ताराच्या गायमुख ते विजय गार्डन टप्प्यावर चाचणी झाली, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर जाऊन ती गाडी पाहत होतो. माझी सगळी आशा तिच्यावर आहे. तरीही घर घेणाऱ्यांना माझा सल्ला असा की आज जो रस्ता आहे, तो पाहूनच निर्णय घ्यावा.

ठाण्यातच, त्यातही घोडबंदरच्या याच पट्ट्यात नोकरी असेल किंवा आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करता येत असेल, तर ही जागा मी आनंदाने सुचवीन. ज्यांना रोज स्टेशन गाठायचे आहे, त्यांनी आधी दोन-तीन महिने इथे भाड्याने राहून पाहावे. तेही जमत नसेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी आठला फाटकापासून स्टेशनपर्यंत बसने जावे आणि संध्याकाळी सातला तसेच परत यावे. घरात वृद्ध माणूस असेल तर रुग्णालय स्वतःच्याच बाजूला आणि मोठा चौक न ओलांडता गाठता येईल असे निवडावे. आम्ही सासूबाईंचे डॉक्टर बदलले. नवे डॉक्टर आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहेत आणि सासूबाई तपासणीला आता एकट्या जाऊन येतात.