तांबेऱ्याला तोंड देणारी कॉफी: जुना वाण, कॅटिमोर की एफ-1 संकर?

कॉफीचं पिवळे डाग पडलेलं पान उलटं करून बोट फिरवलं आणि बोटाला नारिंगी भुकटी लागली, की समजावं तांबेरा आला. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून ते आत शिरतात, पान अकाली गळतं आणि पुढच्या हंगामाची फांदी उपाशी राहते. सिलोनमध्ये 1869 साली या रोगाची नोंद झाली आणि काही दशकांत तिथल्या कॉफीची जागा चहाने घेतली.

नवी लागवड करणाऱ्याने रोपवाटिकेत 'रोगप्रतिकारक' ही पाटी वाचून थांबू नये. प्रतिकार कोणाकडून उसना घेतलाय आणि रोप बियांचं आहे की प्रयोगशाळेतलं, हे आधी विचारावं. बाग वीस-पंचवीस वर्षं उभी राहते; बुरशी तेवढं थांबत नाही.

सगळ्यात जुना पर्याय एस. 795 चा. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूर कॉफी संशोधन केंद्राची ही निवड, 1940 च्या दशकातली. हिच्यात लायबेरिका या वेगळ्या कॉफी प्रजातीकडून आलेलं प्रतिकाराचं जनुक आहे, आणि दुसरा पालक आहे केंट हा अरेबिका वाण. केंटही एकेकाळी प्रतिकारक म्हणूनच गाजला होता. बुरशीचा नवा प्रकार आला आणि तो पडला. एस. 795 चं कवचही आता पातळ झालंय. कप, म्हणजे पेल्यातली चव, मात्र छान, झाड उंच आणि सावलीत रमणारं. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची फवारणी वेळेवर करण्याची तयारी असेल तर हा वाण आजही वाईट नाही. तयारी नसेल तर नाव सोडा.

दुसरा पर्याय समजून घ्यायला तिमोर बेटावर जावं लागतं. चवीची अरेबिका आणि तांबेऱ्याला टिकणारी रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य प्रजाती. अरेबिकाची गुणसूत्रं 44, रोबस्टाची 22, त्यामुळे दोघांचं सहसा जमत नाही. तिमोरमध्ये ते निसर्गतःच जमलं, आणि निघालेल्या झाडात रोबस्टाचा प्रतिकार आला, गुणसूत्रंही 44, म्हणजे अरेबिकाशी पुन्हा संकर करता येण्याजोगं! पोर्तुगालमधल्या ओइराशच्या तांबेरा संशोधन केंद्रात याचा कॅतुरा या ठेंगण्या अरेबिका वाणाशी संकर झाला तो कॅटिमोर, व्हिला सार्ची या दुसऱ्या अरेबिका वाणाशी झाला तो सार्चिमोर. भारतातला चंद्रगिरी सार्चिमोरच्याच घराण्यातला.

ही झाडं बुटकी, लवकर आणि भरभरून लागणारी; स्थिर झालेल्या वाणाचं बी घरचं धरता येतं. पण भरभरून लागणं हीच त्यांची खोडही आहे: खत कमी पडलं की फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. कॅटिमोरची चव वाईट, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही; वाण आणि उंचीप्रमाणे ती बदलते.

खरा धोका वेगळा आहे. होंडुरासमध्ये लेम्पिरा हा कॅटिमोर मोठ्या क्षेत्रावर पसरला आणि 2017 पर्यंत त्याच्यावर तांबेरा चढलेला दिसला. कोलंबियाने 2005 मध्ये दिलेल्या कास्तियोची रचना मात्र वेगळी: एका नावाखाली अनेक भावंडं मिसळलेली, म्हणजे एक हरलं तरी सगळी बाग हरत नाही. एकाच वंशाची हजारो रोपं आणि असं मिश्रण यांत निवडायचं झालं, तर मी डोळे झाकून मिश्रण घेईन.

तिसरा पर्याय एफ-1 संकर, म्हणजे दोन वेगळ्या पालकांची थेट पहिली पिढी. उदाहरणार्थ सेन्त्रोआमेरिकानो: एक पालक सार्चिमोर, दुसरा रुमे सुदान हा अरेबिका वाण. जोम चांगला, कपही उत्तम. पण रोपं प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धनातून येतात, म्हणून महाग. शिवाय या झाडांचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एक उंच, एक बुटकं, एकाला तांबेरा, दुसऱ्याला नाही. स्टारमाया या संकरात नर-वंध्य (स्वतःचे परागकण नसलेला) पालक वापरल्याने बियांपासून रोपं मिळतात, तरी ते बी तुमच्या बागेत नाही, बियाणे-बागेतच तयार होतं. दर वेळी रोपवाटिकेकडे जाण्याइतका पैसा असेल तरच हा पर्याय.

आफ्रिकेतल्या उंच, थंड भागात आणखी एक बुरशी हिरवी फळं काळी पाडते. हा 'कॉफी बेरी डिसीज' 1922 मध्ये केनियात नोंदला गेला. तिथे निवड रुइरू 11 (1985) आणि बातियान (2010) यांत होते. दोन्ही वाण दोन्ही रोगांना तोंड देतात. रुइरू 11 बुटका, दाट लावता येतो, पण त्याचं बी हाताने परागण करून काढावं लागतं, म्हणून कायम तुटवडा. बातियान उंच, जागा जास्त खातो. पण बी जसंच्या तसं उतरतं. छोट्या शेतकऱ्याने बातियान घ्यावा.