वितळता बर्फ मोजायचा: उपग्रहातून की विमानातून?

बर्फाच्या पृष्ठभागाची उंची किती घटली, एवढाच प्रश्न असेल तर माझा कौल उपग्रहाला. नासाचा आइससॅट-२ सप्टेंबर २०१८ मध्ये सोडला गेला. सुमारे ५०० किलोमीटरवरून तो सेकंदाला १०,००० हिरवे लेझर स्पंद सोडतो, परतलेले फोटॉन म्हणजे प्रकाशकण टिपतो आणि दर ९१ दिवसांनी त्याच वाटेवर येतो. दाट ढगांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

पण बर्फाखाली काय आहे? इथे विमानाला तोड नाही. २००९ ते २०१९ या काळात नासाच्या ऑपरेशन आइसब्रिजची विमानं ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावर बऱ्याचदा अवघ्या साडेचारशे मीटरवरून उडत. विमानातलं रडार तीन किलोमीटर जाड बर्फ भेदून खडकापर्यंत पोचतं. अशाच अनेक दशकांच्या हवाई नोंदींतून ग्रीनलँडखालची किमान ७५० किलोमीटर लांबीची घळ २०१३ मध्ये उजेडात आली. बर्फाखालचा खडकाळ तळ समुद्रसपाटीखाली असेल आणि आतल्या बाजूला उतरत असेल, तर समुद्राचं कोमट पाणी हिमनदीला खालून पोखरत आत शिरतं. हा उतार लेझरला दिसत नाही.

विमानमोहिमा खर्चिक, शिवाय वर्षातले मोजकेच आठवडे चालणाऱ्या. तरीही आइसब्रिज थांबल्याची मला खंत वाटते. समुद्र किती चढेल याचं गणित तळाच्या नकाशावर उभं आहे, आणि अंटार्क्टिकाच्या मोठ्या भागात त्या नोंदी अजून विरळच आहेत.