ॲक्टिन घ्यायचंय? लेबलवरचं ‘ह्यूमन’ राहू द्या, आधी कशात बनवलंय ते बघा

पॉलिमरायझेशन ॲसे, म्हणजे ॲक्टिन या प्रोटीनचे सुटे रेणू जोडले जाऊन धागे (फिलामेंट) कसे होतात ते मोजायची चाचणी, सेट करायचीय, पर्चेसवाले तीन कोटेशन मागतायत आणि कॅटलॉग उघडलं की डोकं फिरतं, कारण एकाच प्रोटीनचे चार-पाच प्रकार आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पाषाण असो नाहीतर विद्यापीठाचं कॅम्पस, पुण्यात दर बॅचला कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

आधी ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं, हिस टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं) रिकॉम्बिनंट ह्यूमन बीटा-ॲक्टिन, म्हणजे स्नायू सोडून इतर पेशींतला प्रकार, बाजूला काढू. नाव वाचून वाटतं, अरे हेच तर पाहिजे होतं! पण ॲक्टिनची घडी नीट बसायला सीसीटी नावाचं शॅपरोनिन लागतं, ते बॅक्टेरियात नसतंच, त्यामुळे प्रोटीन बनतं पण इन्क्लुजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गुठळ्यांत) गोळा होऊन पडतं आणि मग ते युरियाबिरिया घालून बाहेर काढावं लागतं. वेस्टर्न ब्लॉटला पॉझिटिव्ह कंट्रोल, अँटीबॉडी तपासणं, स्टँडर्ड कर्व्ह, एवढंच काम असेल तर हेच घ्या, उगाच जास्त पैसे घालवू नका. फिलामेंट मात्र विसरा. डेटाशीटवर जेलचा फोटो आहे, प्युरिटी लिहिलीय, पण पॉलिमरायझेशनचा ग्राफ कुठेच नाही, म्हणजे काय ते समजून जा.

आता सशाच्या स्नायूचं. जुनं, भरवशाचं, मिलिग्रॅममागे सगळ्यात परवडणारं. आणि गंमत म्हणजे सशाचं आणि माणसाचं स्केलेटल अल्फा-ॲक्टिन (हाडांना जोडलेल्या स्नायूंतला प्रकार), दोघांचा सिक्वेन्स तंतोतंत सारखा, ३७५ च्या ३७५ अमिनो ॲसिड. कोंबडीचंही तेच. म्हणून काही लॅब कॅम्पातल्या शिवाजी मार्केटसारख्या ठिकाणाहून ताजं चिकन ब्रेस्ट आणून स्वतःच ॲसिटोन पावडर करतात (कोल्ड रूमचा वास मात्र मग सगळ्यांनी सहन करायचा), आणि एकदा पावडर झाली की ती फ्रीझरमध्ये बरेच महिने टिकते. मायोसिन मोटिलिटी (मायोसिन या मोटर प्रोटीनवर धागे सरकताना बघणं), डीएनेझ एन्झाइमच्या चाचण्या, नवीन स्टुडंटचं ट्रेनिंग, याला अल्फा बास आहे.

प्रश्न येतो तो नॉन-मसलचं काम असेल तेव्हा. बीटा आणि अल्फा-स्केलेटल साधारण २५ जागी वेगळे आहेत आणि प्रोफिलिन (पेशीतलं ॲक्टिनला धरणारं प्रोटीन) बीटाला जास्त घट्ट धरतं, त्यामुळे कॅन्सर सेलच्या मायग्रेशनची गोष्ट सांगायची आणि आकडे स्नायूच्या ॲक्टिनवर काढायचे, हे रिव्ह्यूअर सोडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर सोडूही नये. मधला मार्ग म्हणजे माणसाच्या प्लेटलेटचं ॲक्टिन, साधारण ८५ टक्के बीटा आणि बाकी गॅमा. दोघांत फरक फक्त चार अमिनो ॲसिडचा, तोही सुरुवातीच्या टोकाला, म्हणून बहुतेक कामांना हे मिश्रण चालून जातं. माझं मत विचाराल तर वाइल्ड टाइपवरच (म्युटेशन नसलेल्या मूळ प्रोटीनवरच) थांबणार असाल तर इथेच थांबा.

युकॅरियोटमधलं रिकॉम्बिनंट कधी? एकच आयसोफॉर्म (फक्त बीटा किंवा फक्त गॅमा असा एकच प्रकार) पाहिजे असेल तेव्हा, नाहीतर म्युटंट पाहिजे असेल तेव्हा, म्हणजे नेमलाइन मायोपथी या स्नायूंच्या आजारातला एखादा बदल वगैरे, तिथे दुसरा इलाजच नाही. पण इथे सप्लायरला खोदून खोदून विचारा. कीटकाच्या पेशीत बनवलं असेल तर तिचं स्वतःचं ॲक्टिन मिसळून आलंय का. पिचिया यीस्टमध्ये बनवलं असेल तर हिस्टिडीन ७३ वरचं मिथाइल आहे का, कारण ते लावणारं सेटडी३ एन्झाइम यीस्टकडे नाही, वेगळं घालावं लागतं. पिचियाच्या पद्धतीत मागे थायमोसिन बीटा-४ (सुट्या ॲक्टिनला धरून ठेवणारं छोटं प्रोटीन) आणि हिस टॅग जोडतात म्हणजे पेशीतच फिलामेंट होत नाहीत, आणि नंतर कायमोट्रिप्सिनने कापलं की टॅग जातो आणि मूळचं टोक जसंच्या तसं राहतं. शेपटीला टॅग तसाच ठेवलेलं कोणी गळ्यात मारत असेल तर पॉलिमरायझेशन डेटा बघितल्याशिवाय पीओ (पर्चेस ऑर्डर) काढू नका.

किती मागवायचं? पायरीन ॲसेत (पायरीन या चमकणाऱ्या रंगाने धागे होणं मोजतात ती) २ मायक्रोमोलर आणि १०० मायक्रोलिटरची वेल धरली तर ॲक्टिन ४२ किलोडाल्टनचं, म्हणजे वेलला साधारण ८.४ मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅममध्ये कागदावर ११९ वेल, प्रत्यक्षात बऱ्याच कमी, कारण आधी स्पिन करून ऑलिगोमर (आधीच जुळलेले छोटे पुंजके) काढायचे असतात आणि त्यात माल जातोच.

पुण्याच्या दृष्टीने एक गोष्ट, लायोफिलाइज्ड (सुकवलेली पावडर) मिळत असेल तर तेच घ्या. फ्रोझन असेल तर ड्राय आइसवर येतं, मुंबईत कस्टम्सला अडकलं की एप्रिल-मेच्या उन्हात त्या बर्फाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको, म्हणून पार्सल शुक्रवारी पोचेल अशी ऑर्डर नको. आल्यावर जी-बफरमध्ये (ॲक्टिन सुटं ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवायचं, त्यात एटीपी आणि कॅल्शियम आहे ना बघायचं, छोटे अलिकॉट करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून उणे ८० ला ठेवायचे आणि एकदा काढलेला अलिकॉट परत फ्रीझ करायचा नाही. अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा स्लॉट मात्र पार्सल यायच्या आधीच बुक करून ठेवा, १ लाख जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) स्पिन साध्या टेबलटॉप सेंट्रिफ्यूजवर होत नाही.